गिरणीवालीचा कान

बिडकीनच्या काकासाहेबांची फियाट गावात सगळ्यांच्या ओळखीची होती. कालव्याच्या खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती जुनीच घेतली होती. रोज सकाळी चहाच्या आधी ते तिच्यावरून ओला फडका फिरवायचे. कुणाच्याही अडल्यानडल्याला गाडी मिळायची, म्हणून १९९४ च्या उन्हाळ्यात ती घुमायला लागली तेव्हा गावभर चर्चा झाली.

काटा तिशीच्या पुढे गेला की खालून बारीक ‘घूं’ सुरू व्हायचं आणि वेगाबरोबर चढत जायचं. पहिल्या मिस्त्रीनं टायर घासलेत म्हणून सांगितलं. काकासाहेबांनी पुढचे दोन्ही टायर नवे घातले, तरी घूं तसंच. दुसरा म्हणाला, “काका, वीस वर्षांची गाडी. म्हातारपणी कण्हणारच.”

दोन्ही वेळा त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई मागच्या सीटवर होत्या. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “अहो, टायर नाय हे. बेअरिंग बोलतंय.” आणि दोन्ही वेळा काकासाहेबांनी त्यांना उडवून लावलं, “तुला गाडीतलं काय कळतंय?”

मनकर्णाबाईंनी बावीस वर्षं पिठाची गिरणी चालवली होती. पट्टा सैल झाला, जात्याच्या दगडी पाळूला टाकी लावायची वेळ झाली, बेअरिंग कोरडं पडलं, सगळं त्यांना दळण टाकता टाकता आवाजावरून कळायचं. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तीन वर्षांपूर्वी गिरणी बंद झाली. काकासाहेबांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण गिरणी वेगळी आणि मोटार वेगळी, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

असंच चाललं असतं, पण लेक द्वारका बाळंतपणाला माहेरी आली होती आणि आठवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण अवघड गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी दवाखाना औरंगाबादेतलाच सांगितला होता.

“या गाडीत मी पोरीला घेऊन बसणार नाय,” एका सकाळी मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, भाकरी थापता थापताच म्हणाल्या. काकासाहेबांनी त्याच दिवशी गाडी काढली आणि दोघं शहर ओलांडून पडेगावला गेले. तिथल्या गयास मिस्त्रीचं नाव त्यांना शेजारच्या सांडूनं सांगितलं होतं.

गयास पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. बोनेटला हात न लावता त्यानं विचारलं, “आवाज कधी येतो?”

“तिशीच्या पुढं,” काकासाहेब म्हणाले.

“आन् वळताना?”

काकासाहेब घुटमळले. तेवढ्यात मागून मनकर्णाबाई म्हणाल्या, “डावीकडं वळलं की वाढतो, उजवीकडं वळलं की दबतो. यांच्या पायाखालून येतो.”

गयास त्यांच्याकडे वळला. “काकासाब, तुम्ही बाजूच्या सीटवर बसा. गाडी मी चालवतो. भाभी, तुम्ही फक्त ऐका आन् सांगा.”

दौलताबादच्या रस्त्याला दुपारची वर्दळ कमी होती. काटा पन्नासवर नेऊन गयासनं गिअर काढला. इंजिन मंदावलं, घूं चालूच राहिलं. “इंजिनाचं नाय, गिअरचंबी नाय,” तो म्हणाला. पुढं खडबडीत रस्ता संपून नवं गुळगुळीत डांबर लागलं. आवाज जराही बदलला नाही. “टायर असता तर इथं फरक पडला असता.” मग रस्ता मोकळा बघून त्यानं स्टिअरिंग हलकेच डावीकडे घेतलं, मग उजवीकडे.

“वाढला,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “आता गेला.”

“डावीकडं वळताना भार उजव्या चाकांवर येतो,” गयासनं सांगितलं. “पुढचं उजवं चाक. भाभींनी बराबर सांगितलं.”

काकासाहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

गॅरेजवर जॅक लावून गयासनं चाक उचललं. एका हातानं ते फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला आणि मनकर्णाबाईंना बोलावलं. त्यांनी तळवा टेकवला. “व्हय. हेच.” मग काकासाहेबांनीही हात लावला. जात्यात कोरडी ज्वारी फिरावी तसं काहीतरी बोटांखाली बारीक चरचरत होतं. इतकं साधं होतं ते.

चाक उतरवून आतलं बेअरिंग काढलं तेव्हा ग्रीस चहासारखं तांबूस झालेलं दिसलं. गोळ्यांना देवीचे व्रण पडावेत तसे खड्डे पडले होते.

“गाडी कधी पाण्यात घातली होती का?”

काकासाहेबांना गेला भादवा आठवला. सांडूच्या आईला साप चावला होता आणि ओढ्याला पाणी चढलं होतं. त्यांनी तशीच गाडी घातली होती. “म्हातारी वाचली,” ते म्हणाले.

“मग सार्थक झालं बेअरिंगचं,” गयास म्हणाला. “पन आणखी महिनाभर चालवली असती तर चालत्या गाडीत चाक जाम झालं असतं.”

काकासाहेबांच्या डोळ्यांपुढे मागच्या सीटवर कळा सोसणारी द्वारका आली. ते रिक्षा करून नवं बेअरिंग आणायला शहरात गेले.

तासाभरानं परतले तर मनकर्णाबाई सावलीत स्टुलावर बसलेल्या, मांडीवर गोणपाट, गोणपाटावर रॉकेलनं स्वच्छ धुतलेली, बेअरिंग बसतं ती चाकाची वाटी. गयासची बायको अनवरी शेजारी चहाचा कप धरून उभी होती. मनकर्णाबाईंनी नवं बेअरिंग हातात घेतलं, डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहिल्या. पलीकडच्या फटीतून ग्रीस बाहेर येईस्तोवर दाबलं, मग थोडं फिरवून पुन्हा. गयास नुसता बघत होता.

“मी शिकवलं नाय हां,” तो काकासाहेबांना म्हणाला. “माझी अम्मी हिमरू कापड विणायच्या मागावर होती. शेजारच्या खोलीत बसून सांगायची, कोणत्या मागाचा धागा तुटला ते. ज्याला कान हाय त्याला विचारायचं, बस.”

परतीच्या वाटेवर काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला. घूं नव्हतं. खिडकीची काच थरथरत होती, चाकाखालून खडे उडत होते. इतके दिवस न ऐकू आलेलं सगळं ऐकू येत होतं. नक्षत्रवाडीच्या पुढं काकासाहेबांनी गाडी कडेला घेतली.

“तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस,” पुढं बघतच ते म्हणाले. “मी ऐकलं नाय. चुकलं माझं.”

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदाच आलं होतं. “चला,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “पोर एकटी हाय घरी.” पण मागून त्यांचा हात काकासाहेबांच्या खांद्यावर आला आणि बिडकीन येईपर्यंत तिथंच राहिला.

त्यानंतर सतराव्या दिवशी सकाळी दहाला द्वारकेला कळा सुरू झाल्या. पाऊण तासात गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती. दुपारी मुलगी झाली. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. वेळेत आणलंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बारसं झालं आणि दुसऱ्याच दिवशी दोघं पेढे घेऊन पडेगावला गेले. वाटेत काकासाहेबांनी काय बोलायचं ते मनाशी जुळवलं होतं. तुमच्यामुळं लेक सुखरूप, नात सुखरूप, आणि शिवाय आणखी एक गोष्ट, जी नीट शब्दांत येत नव्हती. गयास एका जीपखाली होता. तो सरकत बाहेर आला तेव्हा जुळवलेलं एकही वाक्य काकासाहेबांना आठवेना. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले.

“काकासाब, ग्रीस लागंल,” गयास म्हणाला.

“लागू द्या,” काकासाहेब म्हणाले, आणि हात सोडले नाहीत.