ओळंब्याला विनवता येत नाही

मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. दोरीच्या टोकाला बांधलेला पितळेचा वजनदार लट्टू, एवढाच काय तो माझा जीव. लेथवाल्याने मला घडवले आणि एका गवंड्याने हौसेने घरी नेले. भिंतीशी मला सोडायचे, माझे डोलणे थांबू द्यायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. भिंत सरळ की वाकडी, ते मी मुकाट्याने दाखवतो.

गवंड्याला माझा भारी अभिमान. त्याची बायको संध्याकाळी त्याला जुन्या यहुदी धर्मग्रंथातून संदेष्ट्यांचे दृष्टान्त वाचून दाखवायची. त्यातल्या एकात देव भिंतीपाशी उभा असतो आणि त्याच्या हातात ओळंबा असतो.

"बघ गं, देवाच्या हातात माझंच हत्यार!" गवंडी छाती फुगवून म्हणायचा.

"अहो, ती भिंत म्हणजे माणसं," ती समजवायची. "सरळ बांधलेली, मागाहून कललेली."

तेवढेच त्याच्या डोक्यात बसले. मग काय, मला खिशात घालून तो येत्याजात्याला मापू लागला. हा ओळंब्यात नाही, तोही नाही! लोक हसून सोडून द्यायचे.

एकदा त्याच्या मुलाने शाळेच्या आवाराची भिंत घाईघाईत उचलली. गवंड्याने सगळ्या कामगारांसमोर मला तिच्याशी सोडले. भिंत बोटभर बाहेर होती.

"बाबा, थोडा वेळ द्या. सिमेंटचा माल ओला आहे, नीट करतो," मुलगा काकुळतीला येऊन म्हणाला.

"वाकडं ते पाडायचं!" गवंड्याने लाथेने भिंत पाडली. "आणि वाकड्या माणसाला माझ्या घरात जागा नाही."

मुलगा थापी तिथेच टाकून निघून गेला.

त्या संध्याकाळी बायकोने वाचायला घेतलेच नाही. "ओळंब्याच्या आधी दोन दृष्टान्त आहेत," ती म्हणाली. "एकात टोळधाड, दुसऱ्यात आग. दोन्ही वेळा संदेष्ट्याने देवाला विनवलं, की हे लोक दुबळे आहेत, यांना सांभाळून घे. देवाने ऐकलं. ओळंबा त्यानंतर आला. तुम्ही मधलं सगळं गाळून ओळंबाच कसा हो उचललात?"

गवंड्याने मला पुसून खिशात ठेवले. पुढे तिने अंथरूण धरले, तेव्हा तिने एकच धोशा लावला, "बोलवा ना त्याला." हा म्हणायचा, "आधी माफी मागू दे." लेकाचे तोंड न बघताच बिचारी गेली. मुलगा मातीला आला, लांब उभा राहिला आणि तसाच परतला. बापाचे पाऊल काही उचलले नाही.

आता घरात तो आणि मी. परवा पलंगामागच्या भिंतीला तडा दिसला. त्याने वर खिळा ठोकून मला सोडले. त्याच्याच हातची भिंत, पण खाली माझ्यात आणि तिच्यात वीतभर अंतर! त्याने वीत लावून पुन्हा मोजले. मग हळूच मला म्हणाला, "थोडा वेळ दे रे. नीट करतो."

मी काय देणार? मी सरळ लोंबत राहिलो. मला दुसरे काही येतच नाही.

मित्रांनो, मला भिंतीला खुशाल लावा. पण माणसाला लावायचे झाले, तर आधी त्याच्यासाठी दोन शब्द बोला. जीभ तुम्हाला आहे, मला नाही.

शेजारी ओरडून सांगतात, "अहो, बाहेर या, भिंत पडेल!" गवंडी हलत नाही. दार सताड उघडे ठेवून तो वाटेकडे बघत बसला आहे. मुलाला निरोप मात्र त्याने अजून धाडलेला नाही.