देवाकडे पाठ

“मलप्पा, हातात झेंडा असेपर्यंत ट्रॅककडे पाठ करायची नाही. साक्षात देव आला तरी.”

रेणुकादास सरांनी झेंडा हलवायला शिकवताना हे बजावलं होतं. सर आता नव्हते, आणि देव मात्र खरोखरच यायला निघाला होता.

रेणापूरबाहेरच्या माळावर हौशी पोरांची मोटारसायकल शर्यत होती. पेंडीचं दुकान पोराच्या हवाली करून मलप्पा नारिंगी जाकिटात वळणावर उभा होता. त्याच्या मागच्या गाडीवाटेनं रेवणसिद्धाची पालखी येत होती. दोरीपलीकडे त्याची बायको मल्लम्मा नारळ घेऊन बसलेली, सकाळपासून निरंकार उपाशी. महिन्याचं व्रत आज फिटायचं होतं, पण नारळ जोडीनंच वाहायचा होता. दोन शर्यतींच्या मधे येतो, असा मलप्पानं शब्द दिला होता.

पालखी पाठीशी आली आणि नेमका नांदेडचा एक पोरगा वळणावर गाडीसकट आडवा झाला. मागच्या गाड्यांना सावध करायला मलप्पा पिवळा झेंडा जीव तोडून हलवू लागला.

लोकांना वाटलं, गडी देवापुढं नाचून राहिला. हलगीवाल्याला चेव चढला. कुणी त्याच्या पाठीला विभूती फासली, कुणी गळ्यात हार घातला. एका म्हातारीनं तर त्याचे पाय धरून सुनेसाठी नवसच बोलून टाकला.

पालखीचे मानकरी नागप्पा तेवढे फसले नाहीत. “मलप्पा, देवाकडं पाठ करून राहिलास व्हय?”

“पोरगं पडलंय, काका. देव थांबंल. मागून येणाऱ्या गाड्या न्हाईत थांबायच्या.”

पण देवही थांबला नाही. पुढच्या वस्तीवर आरतीची वेळ ठरलेली होती.

पोरगा लंगडत दोरीबाहेर आला आणि मल्लम्माशेजारी बसला. उपवास सोडायला आणलेली पाण्याची बाटली तिनं त्याच्या हातात दिली.

“काकू, तुम्ही?”

“माजं राहिलंय अजून,” ती म्हणाली. नवऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

शेवटची गाडी गेली. झेंडा जमा करून मलप्पा गाभाऱ्यातून निघावं तसा वळणाकडे तोंड ठेवून मागं मागं सरकत दोरीपर्यंत आला. मग वळला. हलगी कुठं वाजतेय याचा कानोसा घेतला, बायकोच्या हातातला नारळ उचलला आणि चालू लागला.

“जाकीट तरी काढा की,” म्हणत मल्लम्मा उठली.

त्याला ते ऐकू गेलं नाही. विभूती फासलेली नारिंगी पाठ गाडीवाटेला लागलीसुद्धा होती.