उतारावरचं स्टूल

मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. मित्रांनो, सपाट जमिनीवर ठेवलं की मी एका बाजूला कलतं. ही माझी खोड नाही. मला घडवलंच तसं आहे.

एका सुतारानं मला त्याच्या बायकोसाठी केलं. ती फुटपाथवर शिलाई मशीन मांडून बॅगांच्या चेनी बदलायची. तिथला फुटपाथ गटाराकडे उतरता होता, म्हणून सुतारानं माझे भिंतीकडचे दोन पाय बोटभर आखूड कापले. ती बसली आणि म्हणाली, "आता कुठे कंबर सरळ झाली." तेवढं कौतुक मला पुष्कळ वर्षं पुरलं.

मग नगरपालिकेचा नियम आला. फुटपाथवर बसायला परवाना हवा, आणि तपासणीच्या वेळी परवाना ज्याच्या नावावर, तो माणूस स्वतः जागेवर हवा. नाहीतर जागा रद्द. तपासणी कधी होणार, ते मात्र कोणी सांगायचं नाही.

पुढे तिला धाप लागू लागली. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं.

"मी बसतो तुझ्या जागी," सुतार म्हणाला.

"बसा की. साहेब विचारतील, बाईंना मिशा कधी फुटल्या?"

ती येत राहिली. हात चालेनासे झाले, तरी मशीनवर डोकं टेकून माझ्यावर बसून राहायची. साहेब फिरकले नाहीत.

ते आले, तेव्हा मी रिकामं होतं. सुतार शेजारी उभा होता.

"बाई कुठे आहेत?"

"वारली, साहेब. परवा."

"वाईट झालं. पण मला 'जागेवर नाही' एवढंच लिहिता येतं."

"शेवटपर्यंत तुमचीच वाट बघत बसली होती ती."

साहेबांनी लिहायचं ते लिहिलं. मशीनला आणि मला ट्रकमध्ये टाकलं. खेटे घालून सुतारानं आम्हांला सोडवून आणलं.

आता मी त्याच्या खोलीत असतं, कललेलं. शेजारी म्हणतो, "लांब पाय काप की रे. सुतार ना तू?"

"तिच्या मापाचं आहे. राहू दे."

माझ्यावर कोणी बसत नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी साहेब होईल. फुटपाथवर कोणी आजारी अंगानं तुमची वाट बघत बसलेलं असेल. जायचंच असेल, तर ते माणूस आहे तोवर जा. नंतर तुम्हाला फक्त स्टूल सापडेल.