पाहुण्याच्या हाती पाना

डेन्मार्क नावाचा देश आहे, हे आमच्या साखर कारखान्यात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, कारण सांगलीच्या कॉलेजात बी.ए.ला मी भूगोल घेतला होता. दुसरे आमचे चेअरमन हंबीरराव, कारण दिल्लीत कुठल्याशा जेवणात ते एका डॅनिश गृहस्थांच्या शेजारी बसले होते. त्या जेवणात, बहुधा आइस्क्रीम येईपर्यंतच्या वेळात, त्यांनी तिकडचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी सुट्टीत आमच्याकडे कामाला ठेवून घ्यायचं कबूल केलं. परत आल्यावर मला बोलावून म्हणाले, "लालासाहेब, एक गोरा येतोय. त्याचं तुमी बघा."

मी कामगार कल्याण अधिकारी होतो. कामगारांचं कल्याण युनियन बघत असल्यामुळे माझ्याकडे वेळ होता.

हे चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातलं. टॉर्बेन कराड स्टेशनवर उतरला तेव्हा त्याच्या पाठीवर एवढी मोठी पिशवी होती, की हमालांना तो आपल्यातलाच वाटला आणि एकानंही ती घ्यायला हात पुढे केला नाही. मला तीन काळज्या होत्या. तो खाईल काय, झोपेल कुठं आणि सकाळी जाईल कुठं. चेअरमनना विचारलं तर ते म्हणाले, "त्यासाठीच तर तुमाला ठेवलंय."

झोपेचा प्रश्न त्यानंच सोडवला. गेस्ट हाऊसच्या ओसरीवर मच्छरदाणी बांधून तो आडवा झाला आणि कुत्री भुंकायला लागायच्या आत घोरायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो देशी संडासातून तांब्यासकट सुखरूप बाहेर आला. मी लांब लिंबाखाली उभा होतो. त्या दिवशी मला जे हायसं वाटलं, तसं माझ्या बी.ए.च्या निकालालाही वाटलं नव्हतं.

राहिलं जेवण. गेस्ट हाऊसचा आचारी सीझन संपला की गावी जातो, म्हणून टॉर्बेनचं जेवण ज्ञानू मिस्त्रींच्या घरी लावलं. ज्ञानू मिस्त्री म्हणजे आमच्या फिटर लोकांचे मुकादम. टॉर्बेन ज्यांच्या हाताखाली शिकणार होता, तेच. त्यांच्या मंडळी आक्काताई यांनी त्याला पहिल्याच दिवशी भाकरी आणि खर्डा वाढला. मी तोंडात बोट घालून बघत होतो. त्याचं नाक लाल झालं, कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी गळलं, आणि त्यानं ताट पुढं करून आणखी खर्डा मागितला.

"आवं, ह्यो तर आमच्या कृष्णातावानी खातोय," आक्काताई म्हणाल्या. कृष्णात हा त्यांचा सख्खा भाऊ, लष्करात, जम्मूकडे. "रडतोय बी आन खातोय बी." त्यांना टॉर्बेन म्हणता येईना, म्हणून त्यांनी त्याचा तोरबा केला. हरिबा, धोंडीबा, तोरबा. आठवडाभरात अख्खी कॉलनी त्याला तोरबासायेब म्हणायला लागली.

माझ्या तिन्ही काळज्या मिटल्या. मग चौथी उभी राहिली, जिचा मी विचारच केला नव्हता. त्याला कोणी काम देईना.

गाळप बंद झालं की आमचा कारखाना उघडून पसरतात आणि दिवाळीच्या सुमाराला पुन्हा जोडतात. शिकायला याच्याइतका चांगला काळ नाही. टॉर्बेन पहिल्या दिवशी निळी डांगरी घालून मिलहाऊसमध्ये गेला. फिटर लोकांनी हातातली हत्यारं खाली ठेवली आणि ते उभे राहिले. एकानं खुर्ची आणली. एकानं पंख्याचं तोंड खुर्चीकडे वळवलं. चहा आला. टॉर्बेननं चहा घेतला, उठला आणि जवळचा पाना उचलला. ज्ञानू मिस्त्रींनी तो त्याच्या हातातून अलगद काढून घेतला, जसा आपण लहान मुलाच्या हातातून विळा काढून घेतो.

"ऱ्हाऊ द्या सायेब. पाव्हण्यानं हात काळं करायचं आसत्यात व्हय?"

मी समजावलं की तो काम करायलाच आला आहे.

"आला आसंल," मिस्त्री म्हणाले, "पर आमाला कळाया नको?"

बातमी पसरली तसा त्याचा मानही वाढत गेला. पाटणला शाळेच्या कार्यक्रमात त्याच्या हस्ते बक्षिसं वाटली. कुस्त्यांच्या मैदानात पैलवानांचे हात त्याच्या हाती दिले. उंब्रजला एका पिठाच्या गिरणीचं उद्घाटन त्यानं केलं, आणि बटण दाबल्यावर ती सुरूही झाली, याबद्दल लोकांनी त्याला श्रेय दिलं. प्रत्येक ठिकाणी फेटा, नारळ आणि दोन शब्द. ते दोन शब्द तो इंग्रजीत बोलायचा आणि मी त्यांचं मराठीत भाषण करायचो. गेस्ट हाऊसमध्ये पलंगाखाली नारळांचा ढीग झाला. संध्याकाळी तो त्या ढिगाकडे बघत बसायचा.

एकदा त्यानं मला विचारलं, "मी काय चूक केली आहे?"

"काहीच नाही."

"मग ते मला हात का लावू देत नाहीत? मी मशीन बिघडवीन असं वाटतं का?"

मी म्हटलं, उलट, फार मान देतात. मग त्यानं शांतपणे सांगितलं, की तिकडे त्याच्या कॉलेजात यंत्रावर प्रत्यक्ष काम केल्याशिवाय पुढच्या वर्गात घेत नाहीत. परतल्यावर त्याचे प्रोफेसर त्याच्यासमोर एक यंत्र उघडून ठेवतील आणि म्हणतील, जोड. जोडता आलं नाही तर वर्ष गेलं. वडील मासेमारीच्या बोटीवर होते. आणखी एका वर्षाचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. "मान मला तिथं दाखवता येणार नाही," तो म्हणाला.

मी वर्क्स मॅनेजरकडे गेलो. त्यांनी ज्ञानू मिस्त्रींना बोलावून हुकूम दिला, की उद्यापासून साहेबाला काम द्या. मिस्त्री 'व्हय जी' म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर मिलच्या बेअरिंगला झेंडूचा हार घातलेला. नवा कोरा पाना ताटात ठेवून त्याला हळदकुंकू लावलेलं. टॉर्बेनला पुढं बोलावून मिस्त्रींनी एक बोल्ट दाखवला, जो त्यांनी सकाळी स्वतः आवळून ठेवला होता. टॉर्बेननं पाना लावला. बोल्ट हलला नाही, कारण हलण्यासारखं त्यात काही उरलंच नव्हतं. टाळ्या झाल्या. नारळ फुटला. चहा आला.

"दिलं की काम," मिस्त्री मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कुठंही लबाडी नव्हती. हीच तर अडचण होती.

त्या दिवशी टॉर्बेननं पिशवी भरली. उत्तरेकडच्या एका कारखान्यात त्याच्या देशाचा दुसरा एक विद्यार्थी होता आणि तिथं म्हणे काम करू देत. पण रेल्वेचा संप सुरू झाला होता आणि कराड स्टेशनवर कावळेसुद्धा बसायचे थांबले होते. "गाड्या सुरू झाल्या की जातो," तो म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. चेअरमनना सांगायचं धाडसही होईना. गोरा आला आणि काम मिळेना म्हणून पळून गेला, ही गोष्ट जिल्ह्यात पसरली असती, तर पुढच्या निवडणुकीत विरोधकांना दुसरा मुद्दा शोधावा लागला नसता.

त्याच आठवड्यात ज्ञानू मिस्त्रींच्या मुलीचं, राहीचं लग्न होतं, उंब्रजजवळच्या त्यांच्या गावात. टॉर्बेनला आमंत्रण होतं हे सांगायला नको. मांडवात पहिल्या रांगेत कोणाच्या तरी घरून आणलेला सोफा मांडला होता, आणि त्यावर फेटा बांधलेला टॉर्बेन आणि बिनफेट्याचा मी असे बसलो होतो. मुहूर्त जवळ आला आणि आतून आवाज चढायला लागले.

आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या मागं तिचा मामा उभा राहतो, हातात तलवार घेऊन, तलवारीच्या टोकाला लिंबू खोचून. राहीचा सख्खा मामा म्हणजे कृष्णात. त्याची रजा मंजूर होती, पण तो संपामुळे जम्मूकडेच अडकला होता. तार आली होती. मग चुलत मामा. तर चुलत मामा दोन, नाथाजी आणि सयाजी. विहिरीच्या पाळीवरून त्यांचं बोलणं बंद होतं, आणि दोघंही आपापली तलवार घेऊन आले होते.

"मी थोरला हाय," नाथाजी म्हणाले.

"थोरला हाय तर मोटर बंद करताना कुटं गेलतं थोरलेपण?" सयाजी कोणाकडेही न बघता म्हणाले.

"आक्का, ह्यो हुबा ऱ्हानार आसंल तर आमी जेवल्याबिगार निघालो."

"आमी तर पानीबी न्हाई पिनार."

भटजी घड्याळ बघत होते. ज्ञानू मिस्त्री पंचवीस टनी रोलर डोळे मिटून बसवणारे, पण इथं ते मांडवाचा खांब धरून उभे होते. आक्काताई दारात आल्या. त्यांनी दोन्ही चुलतभावांकडे पाहिलं, मग सगळ्या मांडवावर नजर फिरवली. त्या मांडवात ज्याचं कोणाशीच भांडण नव्हतं, ज्याच्या वाडवडिलांनी कोणाचा बांध कोरला नव्हता, असा एकच माणूस त्यांना दिसला. तो सोफ्यावर होता.

"ह्यो हुबा ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. "महिनाभर माज्या हातचं खातोय. भाऊच हाय."

भटजींनी क्षणभर विचार केला. "मानला की मामा. शास्त्राचा आधार आहे," ते म्हणाले. कुठल्या शास्त्राचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मुहूर्ताकडे बघता कोणी विचारलंही नाही. नाथाजी आणि सयाजी दोघंही लगेच कबूल झाले. आपल्याला मान मिळाला नाही याचं दुःख होतंच, पण दुसऱ्यालाही मिळाला नाही, हे त्याहून मोठं समाधान होतं.

मी टॉर्बेनला सगळं समजावलं. त्यानं एकच विचारलं, "करायचं काय असतं?"

"मागं उभं राहायचं. तलवार सरळ धरायची."

"म्हणजे पुन्हा उभंच राहायचं," तो म्हणाला आणि उठला.

उभा मात्र छान राहिला. तलवार त्यानं ओळंबा लावल्यासारखी धरली. आठही मंगलाष्टकं लिंबू हललं नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि टॉर्बेन तलवार परत करून, झालेल्या आणखी एका कार्यक्रमाच्या थकव्यानं सोफ्यावर येऊन बसला.

पंगत मांडत होते. ज्ञानू मिस्त्री धोतर खोचून तिकडून चालले होते. ते थांबले.

"बसलास काय?"

टॉर्बेननं माझ्याकडे पाहिलं. मीही मिस्त्रींकडे पाहिलं. एक महिना त्या माणसानं टॉर्बेनला 'तुमी' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"आरं, पोरीचा मामा न्हवं का तू? मान्सं पानावर बसल्याती आन मामा सोफ्यावर. ऊठ. बादली घे."

आता, बायकोचा भाऊ हाही तसा पाहुणाच. पण तो निराळा पाहुणा. त्याला हार घालायचा नसतो, त्याला राबवायचं असतं आणि त्याची चेष्टा करायची असते. त्याच्या बहिणीच्या घरचं कार्य असेल तर तो बसलेला दिसणं ही तिच्या माहेरची बेअब्रू. हे मी टॉर्बेनला इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, तोवर त्याच्या हातात आमटीची बादली होती.

पहिल्या पंगतीत त्यानं निम्मी आमटी जमिनीला वाढली.

"आरं तोरबा, पानात घाल. धोतर कशाला भिजवतुयास?" एक म्हातारा ओरडला.

"मामा हाय का म्हस?" पलीकडून कोणी तरी म्हणालं. सगळी पंगत हसली.

"वाकून वाढ रं. ताडासारका हुबा ऱ्हातुयास आन वतायला लागतुयास."

"मेव्हण्याला सवय न्हाई," मिस्त्री भाताचं घमेलं घेऊन मागून येत होते. "हिच्या म्हायेरची समदी आशीच." घरातून आक्काताईंनी या वाक्याचा समाचार घेतला, तो इथं देण्यासारखा नाही.

टॉर्बेनला यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण आपल्याला रागावताहेत, हे जगात कुठंही कळतं. तो वाकून वाढायला लागला. तिसऱ्या पंगतीपर्यंत त्याचा फेटा सुटून खांद्यावर आला होता, सदरा आमटीनं पिवळा झाला होता, आणि तो आपल्याशीच हसत होता. नाथाजी एका टोकाला जेवत होते, सयाजी दुसऱ्या. दोघांनीही त्याच्याकडून दोनदा आमटी घेतली.

सोमवारी मी मिलहाऊसमध्ये जरा धास्तावूनच गेलो. लग्नाची नाती कधी कधी मांडवाबरोबर सोडतात. खुर्ची दिसली नाही. पंखा पुन्हा भिंतीकडे तोंड करून होता. मिलच्या पोटातून दोन लांब पाय बाहेर आले होते आणि शेजारी ज्ञानू मिस्त्री उकिडवे बसले होते.

"उजवीकडं. उजवीकडं म्हंतो मी. आरं मेव्हण्या, तुज्या देशात उजवं न्हाई का?"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

"पडला का पाना? उचल. त्यो काय तुज्या भनीच्या म्हायेरचा न्हाई."

मी तिथं थांबलो नाही. ऑफिसात येऊन पंख्याखाली पाय लांब करून बसलो. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात संप मिटला, गाड्या सुरू झाल्या. हे टॉर्बेनला सांगायला गेलो तर तो गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होता. त्यानं ऐकलं, मान हलवली आणि मला कंदील जरा अलीकडं धरायला सांगितलं. मी धरला. मिस्त्रींनी मलाही तो नीट धरता येत नसल्याबद्दल चार शब्द ऐकवले.

महिनाअखेरीला तो माझ्या ऑफिसात आला. हात काळे, नखं काळी, कानापाशी तेलाचा ओघळ. मला एकदम काळजी वाटली. मी त्याला बसवलं आणि दोन चहा सांगितले.

"मी त्यांच्याकडे एक दिवसाची रजा मागितली," तो म्हणाला. "पाचगणी पाहायची होती."

"मग?"

"नाही म्हणाले."

"काय म्हणाले?"

त्यानं आठवून आठवून, मराठीत, मिस्त्रींच्याच चालीवर म्हणून दाखवलं, "गिअरबॉक्स उगडा पडलाय आन ह्यो निगाला पाचगनीला." आणि असा हसला की मलाही हसू आलं. प्रोफेसरांनी आता कसलंही यंत्र समोर ठेवू दे, तो म्हणाला, मिस्त्री समोर नसले म्हणजे झालं.

चहा आला तेवढ्यात मिलहाऊसकडून हाक आली. हाकेत त्याचं नाव होतं, आणि नावाच्या आधी एक शब्द होता, जो मेव्हण्याशिवाय कोणाला वापरत नाहीत. टॉर्बेन कपाला हात न लावता उठला आणि पळत गेला.

दोन्ही चहा मीच प्यालो.