दारासमोरचा ठेका

संघपालांना जाऊन महिना झाला होता. बेल्याच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीत यंदा त्यांचा डीजे त्यांची मुलगी मैत्री वाजवत होती. एक गाणं संपण्याआधी दुसरं त्याच ठेक्यात मिसळायचं, नाच तुटू द्यायचा नाही, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. पण दुःखाच्या घरासमोर आवाज बंद करायची गावाची रीत होती, आणि डीजेची गाडी तिच्याच घरासमोर आली. मैत्रीनं आवाज पूर्ण उतरवला. नाचणारे थबकले.

“काऊन थांबवलं वं?” आई दारातून ओरडली.

“रीत हाय न माय.”

“तुया बापाले चाललं असतं का? वाजव!”

मैत्रीनं आधी नुसता ठेका सोडला, मग हळूच गाणं चढवलं. पोरं पुन्हा उसळली. वळणावर तिनं मागं पाहिलं, तर आईनं दार आतून लावून घेतलं होतं.