मुलं मागाहून येतात

"अगोबाई, तुम्ही तर बुटके आहात हो दादा!" दारातल्या बाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

वाटाड्याला हे रोजचंच होतं. पडद्यावर तो कमरेपर्यंतच दिसायचा, आणि कमरेपर्यंत तो चांगला उंच होता. एरवी त्याने यावर दोन विनोद केले असते. पण आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोन हातांत दोन फोन घेऊन तो सकाळपासून त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात येरझाऱ्या घालत होता. मधेच खिडकीशी जाई, मधेच पाण्याचा ग्लास उचलून न पिताच ठेवून देई. चार वाजता एका मोठ्या कंपनीची माणसं त्याचं 'वाटाड्या' चॅनल विकत घ्यायला येणार होती. त्यांनी बजावून ठेवलं होतं, सह्या होईपर्यंत नवीन काही टाकायचं नाही आणि जुनं काही काढायचं नाही.

"या ना ताई, बसा. दहाच मिनिटं हं," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

आतल्या टेबलावर कॉम्प्युटरपुढे बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर केली. व्हिडिओतलं त्याचं जादा बोलणं कापायचं काम तिच्याकडे होतं. घरातही तेच करते, असं ती म्हणायची.

बारा वर्षांपूर्वी तो या देशात आला, तेव्हा बसचा पास काढायला साडेपाच तास रांगेत उभा राहिला होता. खिडकीशी पोचल्यावर कळलं की ही रांग हरवलेल्या सामानाची. त्या संतापात त्याने फुटपाथवरच फोन तोंडासमोर धरला आणि आपल्या भाषेत सांगून टाकलं, बाबांनो, निळी पाटी बघा, हिरवी नव्हे. आठवड्याभरात चार हजार लोकांनी ते ऐकलं. मग खोली कशी शोधायची, डॉक्टरची वेळ कशी घ्यायची, साहेबाकडे सुट्टी कशी मागायची, हे तो गोदामातल्या खोक्यांवर बसून जेवणाच्या सुट्टीत सांगत राहिला. दोन वर्षांत गोदाम सुटलं. आता चौदाशे व्हिडिओ झाले होते, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच वाक्य असायचं, "घाबरू नका, मी आहे ना!" त्याचे प्रेक्षक वाचत बसणारे नव्हतेच. ते ट्रक चालवताना, भांडी घासताना, एका कानात इअरफोन खुपसून ऐकणारे होते. हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि कंपनीला तो हेच विकत होता.

"मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत असते," बाई म्हणाल्या. त्यांची बोटं पांढरी, सुरकुतलेली होती. "दोनची पाळी आहे, तेव्हा मलाही घाईच आहे. चादरी मशीनमधून काढताना तुमचंच ऐकते. खोली तुमच्यामुळे मिळाली, बँकेतलं खातं तुमच्यामुळे उघडलं. सगळ्यांना सांगते मी."

"अहो, ते माझं कामच आहे." वाटाड्याचा एक डोळा फोनवर होता.

"आणि मुलीचं नाव अर्जात घातलं नाही, तेही तुमच्यामुळेच."

त्याचे पाय जागच्या जागी थांबले.

कुठला व्हिडिओ हे त्याला विचारावं लागलं नाही. चौदाशेत सगळ्यात जास्त बघितला गेलेला तोच होता. या देशात यायच्या पहिल्या अर्जात मुलांची नावं घालू नका, अर्ज रेंगाळतो, आधी तुम्ही या, मुलं मागाहून आरामात येतात. शेवटी विमानतळावर त्याचा स्वतःचा सहा वर्षांचा मुलगा धावत येऊन त्याला बिलगतो. नऊ वर्षांपूर्वी हे अगदी खरं होतं. वर्षभरात नियम फिरला. ज्यांची नावं पहिल्या अर्जात नाहीत, त्या मुलांना दार कायमचं बंद झालं.

"ताई, नियम बदलला तेव्हाच मी त्याच्याखाली ओळ टाकली होती. स्पष्ट लिहिलंय."

"असेल की. पण मी कुठे वाचते? ऐकताना फोन खिशात असतो ना माझा."

आतून कीबोर्डचा आवाज थांबला. 'ओळ कोण वाचणार, काढून टाक तो,' असं बायकोने तेव्हाच सांगितलं होतं. 'काढला तर चॅनल बसेल,' असं तो म्हणाला होता. तो विषय पुन्हा निघाला नव्हता.

"मी भांडायला नाही आले," बाई म्हणाल्या. "व्हायचं ते झालं. मी निघाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आता अठराची आहे. माझ्या बहिणीकडे असते. मी सांगितलं तिला, बाळा, नियम बदललाय. तर म्हणते, खोटं बोलतेस. दादा सांगतात की सोपं आहे. तुलाच मी नकोय. गेल्या वेळी मी सुट्टी काढून गेले, तर ती मैत्रिणीकडे जाऊन राहिली. चार महिने झाले, फोन उचलत नाही." त्यांनी पदरासारखी ओढणी आवळून घेतली. "तुम्ही सांगा तिला. व्हिडिओतून सांगा. माझ्यावर नाही, पण तुमच्यावर विश्वास आहे तिचा."

वाटाड्याने घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजले होते.

"नक्की सांगतो. पण आज नको ताई. आज एक अडचण आहे. उद्या?"

"बरं." बाई लगेच उठल्या. "उद्या तर उद्या. सात वर्षं गेली, त्यात एक दिवस काय!"

त्यात टोमणा नव्हता. त्यांचा खरोखरच त्याच्यावर विश्वास होता, आणि तो त्याला सहन होईना. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला.

"उद्या चॅनल आपलं नसणार," बायको आतून म्हणाली. "हे पण सांग की त्यांना."

मग त्याने दोन्ही फोन टेबलावर ठेवले आणि कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीत जाऊन बसला.

"नमस्कार मंडळी!" त्याने नेहमीच्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"पुन्हा," बायको म्हणाली. "काहीतरी विकतोयस असं वाटतंय."

दुसऱ्यांदा त्याने अर्ध्यावरच कॅमेरा बंद केला. तिसऱ्यांदा तो हळू बोलला. "नऊ वर्षांपूर्वी मी तुम्हाला सांगितलं, मुलं मागाहून येतात. माझा मुलगा आला. नंतर नियम बदलला, ते मला कळलं होतं. मी खाली एक ओळ लिहिली. तुम्ही वाचत नाही, ऐकता, हे मला माहीत होतं. व्हिडिओ चालत होता म्हणून मी तो काढला नाही. माझं ऐकून ज्यांनी मुलांची नावं घातली नाहीत, त्यांच्या मुलांना सांगतो. तुमच्या आईने तुम्हाला टाकलं नाही. चूक तिची नाही. माझी आहे." घाबरू नका, हे शब्द सवयीने त्याच्या ओठांवर आले. ते त्याने गिळले.

बायकोने एकही शब्द कापला नाही. नवीन टाकला आणि जुना काढला. दहा मिनिटांत फोन वाजला. काय टाकलंत हे, असं पलीकडचा साहेब ओरडत होता. "खरं आहे ते," वाटाड्या म्हणाला. मग आम्ही चारला येत नाही, असं सांगून पलीकडून फोन ठेवला गेला. बारा वर्षांच्या धावपळीचं हे फळ एका मिनिटात हातचं गेलं.

बाईंनी व्हिडिओ मुलीला पाठवला होता. त्या फोन ओंजळीत धरून बसून राहिल्या. सव्वा वाजता तो वाजला.

"हं... हो, इथेच आहे, त्यांच्यासमोर... नाही गं, मी कशाला रागावू?... रडू नकोस. मावशीला त्रास देऊ नकोस." मग त्या बराच वेळ नुसत्याच ऐकत होत्या. फोन खाली घेऊन वाटाड्याकडे बघत म्हणाल्या, "विचारतेय, म्हणजे आता कधीच नाही का?"

चौदाशे व्हिडिओ करणाऱ्या माणसाने नकारार्थी मान हलवली. बाईंनी फोन परत कानाला लावला. "नाही येता येणार, बाळा," त्या म्हणाल्या. "पण आता बोलत जा माझ्याशी."

निघताना त्या दारात घुटमळल्या. "दादा, एक मागू? तुमचा मुलगा धावत येतो ना, तेवढा तुकडा मला द्याल? बोलणं नको. जेवणाच्या सुट्टीत मी तेवढंच बघायचे."

बायकोने जुन्या फाइलीतून तो कापला, आवाज काढून टाकला आणि त्यांच्या फोनवर पाठवला. नऊ सेकंदांचा झाला.

वाटाड्या खिडकीशी उभा राहिला. टेबलावर दोन्ही फोन थरथरत होते, तो वळला नाही. खाली थांब्यावर बाईंनी खिशातून फोन काढला आणि डोळ्यांजवळ धरला. बस आली, दार उघडलं, मिटलं. बस निघून गेली तरी त्या तशाच बघत उभ्या होत्या.