पाचवी गाठ

मित्रांनो, जगात बहुतेकांना आपण चारचौघांना दिसावे असे वाटते. माझा सगळा जन्म दिसेनासे होण्यात गेला, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

मी एक जुनी तबकडी आहे. वीतभर रुंद, लोखंडी पत्र्याची. अंगावर चार सारखे भाग, दोन काळे आणि दोन पांढरे, एकाआड एक. मधोमध कडी आणि खाली शिशाचे वजन. मला दोरीला बांधून तलावात सोडतात आणि मी किती खोलवर दिसेनाशी होते ते लिहून ठेवतात. पाणी जितके नितळ, तितकी मी उशिरा हरवते. एवढेच माझे काम.

पाणीपुरवठा केंद्राच्या कार्यशाळेत एका पत्रेवाल्याने मला कापले. रंग देताना तो पुटपुटला होता, “बुडवायच्या वस्तूला एवढा नट्टापट्टा कशाला?” रंग वाळल्यावर मी केंद्राच्या नावाड्याच्या हाती आले. माणूस उंच, कमी बोलणारा आणि टापटिपीचा. चपलासुद्धा होडीत एका रेषेत काढून ठेवणारा. त्याची बायको मला पहिल्यांदा पाहून म्हणाली, “इतकी छान ताटली, आणि पाण्यात घालणार? माझ्या पिठाच्या डब्याला झाकण नाही ते दिसत नाही!”

दर सोमवारी दुपारी बारा वाजता आम्ही निघायचो. बाराच वाजता, कारण तेव्हा ऊन सरळ खाली उतरते. होडी मध्यावर आली की नावाडी वल्ही आत घ्यायचा आणि सावलीच्या बाजूने मला हळूच पाण्यात सोडायचा. सुटीच्या सोमवारी त्याची आठ वर्षांची मुलगी बरोबर असे. तिला घरात सगळे ठमी म्हणत. ती काठावर हनुवटी टेकवून खाली पाहत राही.

“गेली?” नावाडी विचारी.

“नाही बाबा. अजून दिसतेय.”

मित्रांनो, ते खाली जाणे मी तुम्हाला कसे सांगू? पहिल्या मीटरला पाणी काचेसारखे असे. दुसऱ्या मीटरला उन्हाच्या पट्ट्या माझ्या अंगावर डुलत. तिसऱ्याला आवाज संपत. मग एक फिकट हिरवी शांतता येई आणि त्यात लहान मासे माझ्या पांढऱ्या भागावर येऊन थबकत, जणू अंगणात चांदणे पडले आहे. वर ठमीचा चेहरा नाण्याएवढा होई, मग मण्याएवढा, मग मोहरीएवढा.

“गेली!” ती ओरडे.

मग नावाडी दोरी हळूहळू वर घेई.

“आली!”

गेली आणि आली यांच्या मधली खोली तो वहीत लिही. दोरीवर दर मीटरला एक गाठ होती. त्या काळी पाचवी गाठ पाण्याला टेकल्याशिवाय ठमी क्वचितच ‘गेली’ म्हणायची.

या दोरीविषयी आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. दोरी सुती होती. नावाडी दर वर्षी नवी दोरी आणी, दोन खांबांमध्ये ताणे आणि मीटरपट्टी लावून गाठी मारी. वर्ष संपताना तीच दोरी चांगली वाळवून तो पुन्हा मोजे. गाठी जागच्या जागी असत. मग तो समाधानाने वहीत लिही, ‘दोरी तपासली. बरोबर.’ तीस वर्षांत हे वाक्य तीस वेळा लिहिले गेले. पाण्यात काय होते ते मला माहीत होते. पण तबकडीला तोंड कुठे असते?

हळूहळू पाचवी गाठ कोरडी राहू लागली. मग चौथी. वरच्या अंगाच्या शेतांतून खत वाहून येई, गावाच्या नाल्यांतून साबणाचे आणि मैल्याचे पाणी येई. त्यात फॉस्फरस असतो. मित्रांनो, फॉस्फरस काही विष नव्हे. तो झाडाझुडपांचे अन्न आहे. पण तलावाला तो गरजेपेक्षा जास्त मिळाला, तर पिकाऐवजी शेवाळ माजते. पाणी हिरवे होते, आणि ते शेवाळ मरून कुजू लागले की माशांचा श्वास तेच खाते. एका पहाटे काठावर इतके मासे उलटे तरंगत होते की नावाड्याने त्या दिवशी होडी सोडलीच नाही.

पुढे नावाडी निवृत्त झाला. केंद्रात विजेवर चालणारे मापक यंत्र आले. मला आणि शेवटच्या दोरीला त्याने घरी आणले. बायकोचा पिठाचा डबा अजूनही बिनझाकणाचाच होता, तेव्हा मी अखेर त्यावर जाऊन बसले. दुपारी माझ्यावर मांजर झोपे. मी डोळे मिटल्यासारखी पडून राही आणि मांजराच्या घुरघुरण्यात मला पाण्याचा आवाज ऐकू येई. अशी अकरा वर्षे गेली.

एके दिवशी मांजराला उचलून कोणीतरी मला हातात घेतले. ठमी! केसांत एक-दोन पांढऱ्या तारा, हाताला प्रयोगशाळेचा वास. ती आता त्याच केंद्रात पाणी तपासत होती.

गोष्ट अशी होती. तलावात, त्यातून निघणाऱ्या नदीत आणि नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीत किती फॉस्फरस चालेल, याची मर्यादा ठरवायला एक समिती बसली होती. मर्यादा ठरली की शेतांतून वाहणारे खत, नाल्यांतले मैलापाणी, सगळ्यांना त्या आकड्याच्या आत राहावे लागणार होते. गेल्या दहा वर्षांची सरासरी पाहून लिटरमागे पन्नास मायक्रोग्रॅम हा आकडा पुढे आला होता. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ऐकायला चिमूटभरही नाही. पण पन्नासवर तलाव कायमचा हिरवा राहणार होता आणि तोच त्याचा खरा रंग म्हणून कागदावर चढणार होता. तो पूर्वी कसा होता, हे सांगणारा एकच पुरावा होता. नावाड्याच्या तीस वह्या. पाणी किती खोलवर दिसत होते, त्यावरून तेव्हा त्यात किती फॉस्फरस असेल याचा हिशेब लावता येतो.

ठमीने जुन्याच पद्धतीने एक माप घ्यायचे ठरवले. तिने मला जुन्या दोरीला बांधले. बारा वाजता, सावलीच्या बाजूने मी पाण्यात शिरले, आणि मित्रांनो, मी पहिल्या गाठीलाच हरवले. वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे, दाट पाणी. वर कुणाचा चेहरा नाही, खाली कुणी मासा नाही. मला वाटले, मी दुसऱ्याच कुणाच्या स्वप्नात आले आहे.

केंद्रात परतल्यावर तिने ओली दोरी व्हरांड्यात पसरली. तिथल्या फरश्या बरोबर अर्ध्या मीटरच्या होत्या.

“काय गं हे?” सफाईवाल्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “आत्ता पुसलंय मी. साप सोडलायस का?”

ठमी दहाव्या फरशीवर वाकली होती. मला पहिल्या फरशीच्या कडेला ठेवून तिने गाठी मोजल्या होत्या. पाचवी गाठ दहाव्या फरशीच्या शेवटी यायला हवी होती. ती दहावीत जेमतेम शिरून थांबली होती. चाळीस सेंटिमीटर कमी. सुती दोरी पाण्यात आक्रसते, आणि नावाड्याने ती तीसही वर्षे सुकी मोजली होती. तो पाच मीटर लिहीत होता, तेव्हा मी चार मीटर साठवर होते.

हे फक्त तिला आणि मला ठाऊक होते. समितीच्या बैठकीला तीन दिवस उरले होते. दोरी गुंडाळून माळ्यावर टाकली असती, तर विचारायला कोणी येणार नव्हते.

संध्याकाळी तिने वडिलांना सांगितले.

“दर वर्षी मोजलीय मी ती,” नावाडी म्हणाला. “पट्टी लावून.”

“सुकी असताना, बाबा.”

“मग काय, गळणारी मोजू?”

“मला एकदा विचारायचं होतंत,” बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. “माझी वाळत घालायची दोरी भिजली की खुंट्या उपटायला बघते. तीस वर्षं बघतेय मी. पण बाईमाणसाला दोरीतलं काय कळतंय!”

“तू गप गं.” नावाड्याचा आवाज उतरला होता. “म्हणजे माझ्या वह्या रद्दी झाल्या म्हण की.”

“नाही बाबा,” ठमी म्हणाली. “तुम्ही दर वर्षी एकच चूक केलीत, तीही इतक्या टापटिपीनं, की ती पुसता येते. प्रत्येक आकड्यातून शंभरात आठ वजा करायचे. कधी सुकी, कधी ओली मोजली असतीत, तर मात्र रद्दीच होती.”

नावाड्याने मला हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. “सांग मग त्यांना,” तो म्हणाला. “पण नुसता आकडा नेऊ नकोस. दोरीही ने. माझी चूक आहे, तर ती नीट दिसू दे.”

समितीच्या खोलीत लांब टेबल होते. मला एका बादलीशेजारी ठेवले होते. खतविक्रेत्यांच्या संघाचे एक गृहस्थ वह्या चाळून हसले. “बाई, गाठी मारलेल्या दोरीवरून आम्ही नियम करायचा? यात चूक नसेलच कशावरून?”

“चूक आहे,” ठमी म्हणाली.

तिने सुकी दोरी सर्वांसमोर मोजली, बादलीत बुडवली, थोड्या वेळाने काढून पुन्हा मोजली. टेबलभर पाणी झाले. गृहस्थांनी स्वतः पट्टी धरली, दोनदा धरली, आणि बाह्या पुसत मागे टेकले.

“माझ्या वडिलांच्या वह्या खऱ्या धरल्या असत्या, तर मी तेवीस मागितले असते,” ठमी म्हणाली. “चूक वजा करून पंचवीस येतात. म्हणून मी पंचवीसच मागते. पण पन्नास नाही. तापलेल्या माणसाचा दहा दिवस ताप मोजला आणि सरासरी काढली, तर ती त्याची तब्येत होत नाही.”

अध्यक्षबाईंनी दोरी हातात घेऊन पाचवी गाठ चाचपली. “स्वतःच्या बापाची चूक बादलीत घालून आणणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहते आहे,” त्या म्हणाल्या. गृहस्थ म्हणाले की पंचवीस फार जड जाईल. दुपारभर वाद झाला. शेवटी तलावाला पंचवीस लिहिले गेले, पाळायला मुदत मिळाली, आणि नदी-खाडीचे आकडे त्यावरून वेगळे काढायचे ठरले.

लगेच काही झाले नाही, मित्रांनो. तळाच्या गाळात जुना फॉस्फरस साठलेला असतो आणि तो वर्षानुवर्षे वर येत राहतो. तीन वर्षे पाणी तसेच राहिले. लोक ठमीला विचारत, “काय मॅडम, कुठवर आला तुमचा पंचवीस?” ती दर सोमवारी मला पाण्यात सोडत राहिली. आता माझ्या कडीला न आक्रसणारी मापाची फीत आहे.

गेल्या सोमवारी, नवव्या वर्षी, होडीत नावाडीही आला होता. त्याला आता अंधुक दिसते. चपला मात्र एका रेषेत होत्या. मी खाली निघाले. काच आली, उन्हाच्या पट्ट्या आल्या, मग आवाज संपले.

“गेली?” वरून पाण्यातून जाड होऊन आलेला त्याचा आवाज.

“नाही बाबा. अजून दिसतेय.”

एक लहान मासा माझ्या पांढऱ्या भागावर येऊन थबकला.

“आता?”

“अजून.”

मित्रांनो, तुमच्या जवळही एखादे पाणी असेल. त्याला किती सोसेल हे कोणीतरी मोजलेले आहे का, ते विचारा. नसेल तर मोजायला लावा, आणि मोजताना स्वतःची चूक निघाली तर ती लपवू नका. कुठे माझी एखादी बहीण दोरीला बांधलेली दिसली, तर काठावर हनुवटी टेकवून जरा वेळ खाली पाहा. तिला हरवायला जितका उशीर लागेल, तितके ते पाणी निरोगी समजा.

“गेली,” ठमी हळूच म्हणाली. “चार मीटर दहा.”

नावाडी पाण्यात हात घालून म्हणाला, “फीत ओली मोजलीस ना?”